नटावरची पिवळी रेघ

नट आणि चाक या दोघांवरून मिळून एक पिवळी रेघ ओढलेली होती. जाडी भाताच्या काडीएवढी. शर्यत संपून गाडी थंड झाली, तेव्हा नटावरचा रेघेचा तुकडा चाकावरच्या तुकड्यापासून तांदळाच्या दाण्याएवढा सरकलेला दिसला.

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. चाकांचे नट आवळणारा, बेरजेच्या चिन्हासारखा, चार हातांचा. पेणजवळ रामवाडीतल्या एका गॅरेजात खिळ्याला टांगलेला असतो. अंगावर गंज चढला आहे, त्याचं मला फारसं वाटत नाही. त्या दाण्याएवढ्या अंतराची मात्र अजून लाज वाटते.

रोह्याच्या एका लोहाराने ट्रकच्या मोडक्या ॲक्सलमधून मला घडवलं. तापवलं, ठोकलं आणि तेलात बुडवून थंड केलं. पाण्यात पोलाद एकदम आकसतं आणि त्याला बारीक तडे जाण्याची भीती असते. तेल जरा धीराने घेतं. त्या धीरामुळेच मी इतकी वर्षं टिकलो.

मला विकत घेतलं गुणाजी मिस्त्रींनी. माझा एक हात खाली दाबायचा, समोरचा वर ओढायचा. दोन्ही जोर सारखे असले की नट सरळ बसतो. गुणाजींचे जोर असे सारखे असत की मला आपण हलतो आहोत हेही कळत नसे. "गुणाजीचा हात लागला का चाक जागचं हलायचं नाय," असं लोक म्हणत. दरवर्षी खंडेनवमीला ते मला पुसून पाटावर ठेवत आणि झेंडूचं फूल वाहत.

नव्वद सालानंतर आमच्याकडच्या हौशी मंडळींनी मोटारींची शर्यत सुरू केली. नेहमीच्या रस्त्यावरच्याच जुन्या गाड्या, फक्त आतून मजबूत केलेल्या. भात कापून मोकळ्या झालेल्या सपाट जमिनीवर लंबगोल मार्ग आखायचा आणि फेऱ्या मारायच्या. निलेश नावाच्या तरुणाने एक जुनी ॲम्बॅसॅडर आणली. गुणाजींनी तिची मागची सीट काढली, स्प्रिंगचे पाटे कडक केले आणि आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्डिंग करून बसवला, म्हणजे गाडी उलटली तरी माणूस चेंगरू नये.

सतत डावीकडे वळल्यामुळे उजव्या बाजूच्या टायरांवर जास्त भार येतो आणि ते लवकर झिजतात. म्हणून शर्यतीच्या मध्येच गाडी चुन्याने आखलेल्या चौकोनात आणून ती चाकं बदलावी लागत. त्या चौकोनाला सगळे पिट म्हणत. तिथे गॅरेजातला मदतनीस जगन जॅक मारायचा, गुणाजी नट आवळायचे आणि शेवटी त्यांची बायको शकू रेघ ओढायची.

शकू पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे आणि भुवया रेखाटणं. एका वर्षी नट सैल होऊन चाक डगमगलं, तेव्हा तिने पीतांबराच्या पिवळ्या रंगाची वाटी आणली आणि प्रत्येक नटावरून चाकापर्यंत रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटणार. इतकं साधं. तेव्हापासून शकूची रेघ पडल्याशिवाय निलेश गाडी हलवत नसे.

मग एका थंडीत गुणाजींच्या उजव्या हाताची बोटं बधिर होऊ लागली. हे कुणाच्याही आधी मला कळलं. डावा हात पूर्वीसारखाच ओढायचा, उजवा नुसता टेकलेला असायचा. मी तिरका व्हायचो, नटावर अडकायचो, आणि नट घट्ट बसल्याचा भास व्हायचा. गुणाजींनाही ते कळत होतं. ते इकडेतिकडे बघून मला पटकन काढून घेत.

त्यानंतरची शर्यत रोह्याला झाली. निलेश दुसरा आला. लोकांनी गुणाजींना हार घातला आणि हारात माझाही एक हात अडकला. त्याच वेळी शकू चाकाजवळ वाकली होती.

"रेघ सरकली हाय," ती हळूच म्हणाली.

सगळे वळून बघू लागले. गुणाजींनी गळ्यातला हार सावरला. मग म्हणाले, "सरकली कसली? तुझी रेघच वाकडी हाय."

"माझी?"

"व्हय. घाईत ओढलीस."

"वयनी, मंग यंदा गणपती तिरळं बघनार म्हना की," जगन म्हणाला, आणि सगळे हसले. जगनच्या मनात काही नव्हतं. शकूही थोडं हसली. मग तिने पदराने ब्रश पुसला, पुसून झाल्यावरही पुसतच राहिली. गुणाजींनी गळ्यातला हार काढून गाडीच्या टपावर ठेवला आणि परत घातला नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मी हारात होतो. इतकं चकचकीत असूनही स्वतःकडे बघवत नाही, असा दिवस माझ्या आयुष्यात तेवढाच.

घरी शकू भांडली नाही. गुणाजी डाव्या हाताने चहा पीत होते, तिकडे बघून ती म्हणाली, "मी कोनाला सांगायची नाय. तुमच्या तोंडानं सांगा. कोलाडच्या शर्यतीआधी सांगा."

"सांगतो."

आधी ते म्हणाले, निलेश भेटला की सांगतो. निलेश रोज भेटत होता. मग म्हणाले, शिमगा होऊ दे. होळीचा ढीग जळून राख झाली, पोरांनी ती अंगाला फासली, तरी त्यांचं तोंड उघडलं नाही. मला वाटतं, हात गेल्याचं त्यांना इतकं दुःख नव्हतं. त्या हातासाठी बायकोची रेघ वाकडी ठरवली, हे आता कोणत्या तोंडाने सांगायचं, हे त्यांना उमगत नव्हतं.

तुमच्या घरी पाना, पक्कड, कात्री असेल तर तिला तेल लावा, जागच्या जागी ठेवा. पण ती धरणाऱ्या हाताकडेही बघा. हत्यार बोथट झालं की लगेच समजतं. हात थकला की माणूस तो लपवतो.

कोलाडची शर्यत महामार्गापासून थोड्या आतल्या शेतात होती. सुरू होण्याआधी निलेश पिंजऱ्यात शिरला, पट्टा बांधला आणि हसून म्हणाला, "गुणाजीकाका, तुम्ही आवळलंत ना, मंग मी चाकाकडं बघत पन नाय." गुणाजींनी मान हलवली. मी त्यांच्या मुठीत होतो. मूठ ओली झाली होती.

मध्यावर गाडी धुरळा उडवत चौकोनात आली. निलेश पुढे होता, पहिला. जगनने जॅक मारला. जुनी चाकं निघाली, नवी चढली. गुणाजींनी मला नटावर बसवलं आणि ओढलं. डावा हात ओढत होता, उजवा टेकला होता. मी तिरका झालो, अडकलो. त्यांनी मला काढून घेतलं.

"वयनी, रेघ," जगन ओरडला.

शकू पिवळा ब्रश घेऊन चाकाजवळ बसली आणि तशीच बसून राहिली. ब्रशाच्या टोकावरचा थेंब जड होत होत मातीत पडला.

"वयनी, ओढा ना. काय मुहूर्त बघताव काय?"

एक गाडी पुढे निघून गेली. तिच्या मागून दुसरी. निलेशने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं गो काकी?"

शकूने त्याच्याकडे बघितलं नाही. ती नवऱ्याकडे बघत होती, रागाने नाही, नुसती वाट बघत. तिसरी गाडी गेली तेव्हा धुरळा आम्हा सगळ्यांच्या अंगावर आला. गुणाजींनी उजवा हात वर करून मूठ वळायचा प्रयत्न केला. सगळ्यांना दिसेल असा. मूठ अर्धीच वळली.

मग त्यांनी मला जगनच्या हातात दिलं.

"तू आवळ," ते म्हणाले. "आजपासून तूच. माझ्या हातात जोर राह्यला नाय. आन् रोह्याला रेघ सरळच होती."