चिंध्यांवर वळलेला टोप

मित्रांनो, मी माणसाच्या केसांचा टोप आहे आणि आता बराच जुना झालो आहे. या दोन गोष्टींची मला खात्री आहे. बाकी माझ्या आयुष्यात खात्रीचं असं फारसं काही घडलं नाही.

माझा जन्म कुठे झाला, हेही नीट सांगता येत नाही. माझ्यातले केस किमान चार बायकांचे असावेत. त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या, आणि त्यांचे केस अजूनही एकमेकांशी पुरतं जमवून घेत नाहीत. दमट हवेत उजवीकडचे फुगतात, तर डावीकडचे रुसल्यासारखे चिकटून बसतात. कुठल्याशा कारखान्यात आम्हाला धुतलं, काळं केलं आणि सुईने जाळीत ओवलं. मग मी नायजेरियातल्या लागोसला आलो, आणि सिकिरा नावाच्या केशकारागीर बाईच्या दुकानातून मामा देबोलांनी मला विकत घेतलं.

मामा देबोला म्हणजे देबोलाची आई; तिकडे 'मामा' म्हणजे आई. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. तरुणपणापासून घट्ट वेण्या घातल्यामुळे त्यांचे पुढचे केस मागे सरकत सरकत डोक्याच्या मध्यावर पोहोचले होते. हे गुपित एकट्या सिकिराला ठाऊक होतं. घरात रुमाल आणि बाहेर मी. पोटच्या मुलीनेही आईचं उघडं डोकं पाहिलं नव्हतं.

बाजारात एखादी बाई विचारायची, "मॅडम, हे केस तुमचेच का?"

"म्हणजे काय. पावती आहे माझ्याकडे," मामा देबोला सांगायच्या.

मला वाटायचं, चला, आपण हिचे झालो. पण घरी आल्यावर त्या मला कॅनव्हासच्या एका नकली डोक्यावर ठेवायच्या. त्या डोक्याला नाक-डोळे नव्हते, मतंही नव्हती. माझं निम्मं आयुष्य त्याच्या सहवासात गेलं. मग मी नेमका कोणाचा?

माझं कौतुक झालं तसे हालही झाले. देबोला सतरा वर्षांची असताना तिने मला चोरून मैत्रिणीच्या पार्टीला नेलं आणि केस कुरळे करायचा तापता चिमटा माझ्या डाव्या बाजूला लावला. कोंबडीची पिसं भाजल्यासारखा वास आला आणि एक झुपका चिमट्यातच राहिला. तिने मला गुपचूप जागेवर ठेवलं. मामा देबोला म्हणाल्या, झुरळाने खाल्लं. निर्दोष झुरळं त्या आठवड्यात बरीच मेली.

पुढे देबोलाचं लग्न ठरलं. मामा देबोला मला कॅनव्हासच्या डोक्यासकट घेऊन सिकिराकडे गेल्या.

"कुरळा कर. आणि लग्नात तू मला वरून फेटा बांधणारच आहेस, मग टोप दिसणार कुणाला, असं मात्र विचारू नकोस."

"मी कुठे विचारलं?"

"तुझं तोंड विचारतंय. खाली काय आहे ते मला माहीत असतं, तेवढं पुरे."

सिकिराने माझ्या टोकाचा एक केस बोटांत ओढून पाहिला. तो तुटला.

"मॅडम, आणखी एकदा चिमटा लागला तर ह्याचा झाडू होईल. डोक्यावरच्या केसाला खालून तेल मिळतं. ह्याला खालून काय मिळतं? कॅनव्हास. मी पाण्यावर वळवते. पण दोन दिवस लागतील."

तिने मला गार पाण्यात धुतलं, टोकाकडून मुळाकडे सावकाश विंचरलं आणि पंच्यात दाबून पाणी टिपलं. पिळलं नाही, हे विशेष. मी ओलसर असतानाच एकेक बट कापडाच्या चिंधीवर गुंडाळून तिने गाठी मारल्या. चिंध्या कुणाच्या तरी जुन्या लग्नातल्या पाहुण्यांच्या एकसारख्या कपड्यांमधून उरलेल्या होत्या, जांभळ्या. मी सरळ आहे की कुरळा, हे त्या दोन दिवसांत मलाच कळत नव्हतं.

पंख्यासमोर ठेवलं तर वीज गेली. मग सिकिराने कॅनव्हासच्या डोक्यासकट मला ओसरीवरच्या खुर्चीत ठेवलं आणि खांद्याच्या जागी शाल टाकली. शेजारची शाळकरी मुलगी आली, तिने मलाच मुख्याध्यापिका समजून गुडघे टेकून रीतसर नमस्कार केला आणि गृहपाठ न आणल्याची माफी मागितली. मी काय बोलणार? ती उठेना. शेवटी सिकिराने आतून हाक मारली, "जा बाळ, मॅडमनी माफ केलंय."

शुक्रवारी सिकिराने एक चिंधी अर्धवट सोडून पाहिली. आत ओल होती. तिने परत बांधली आणि संध्याकाळपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. गाठी सुटल्या तेव्हा माझ्या बटा स्प्रिंगसारख्या उसळल्या. एकही केस तुटला नाही.

देबोलासाठी मात्र नवाकोरा टोप होता, नवऱ्याच्या आत्याने, मोरोलुकेबाईंनी दिलेला. 'शंभर टक्के अस्सल केस,' असं खोक्यावर लिहिलं होतं.

"एक केस जाळून बघू," सिकिरा म्हणाली होती. "अस्सल असेल तर राख होईल. नाहीतर वितळून गोळी होईल."

"सासरच्या वडीलधाऱ्या बाईंची भेट जाळून बघायची? डोकं फिरलं का तुझं?" मामा देबोलांनी तिला गप्प केलं.

शनिवारी सकाळी देबोलाच्या मैत्रिणीने, ओयिनने, त्या अस्सल केसांना तापता चिमटा लावला. चिमटा उचलला तर केस चघळलेल्या च्युइंगगमसारखे लोंबत वर आले.

दहाला चर्चमध्ये पोहोचायचं होतं. अकराला तिथे दुसऱ्या जोडप्याचं लग्न होतं. देबोलाने टोप नीट बसावा म्हणून स्वतःच्या केसांच्या बारीक, चपट्या वेण्या घालून घेतल्या होत्या. त्या सोडायला अर्धा दिवस लागला असता. ती नुसतीच आरशात बघत बसली.

मामा देबोलांनी मला नुकतंच घातलं होतं. त्यांचा हात माझ्या पिनांकडे गेला आणि थांबला.

सिकिरा हळूच म्हणाली, "मॅडम, ओयिनला बाहेर पाठवू?"

"राहू दे. लग्नाला आलीय, सगळं बघू दे."

आणि त्यांनी मला काढलं.

देबोला आईच्या डोक्याकडे पाहत राहिली. "मम्मी, कधीपासून हे?"

"तू पहिलीत होतीस."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सांगितलंस का, तो झुपका कुणी जाळला ते?"

देबोला हसली की रडली, मला समजलं नाही. मी तिच्या डोक्यावर जात होतो आणि ते डोकं हलत होतं. सिकिराने मला पिनांनी घट्ट बसवलं. मामा देबोलांच्या गुळगुळीत डोक्यावरून फेटा घसरायला लागला, तेव्हा तिने आधी जांभळ्या चिंध्या गुंडाळल्या आणि वर फेटा बांधला. दिवसभर नाचून तो तसूभरही हलला नाही.

जेवणावळीत मोरोलुकेबाई आल्या. त्यांनी माझी एक बट बोटावर घेतली. "बघा, अस्सल ते अस्सल. कुणी निवडलाय शेवटी?"

"तुमच्या नजरेला तोड नाही, आत्याबाई," मामा देबोला म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढायला लावला.

सोमवारी देबोला मला परत द्यायला आली. दार मामा देबोलांनीच उघडलं. डोक्यावर रुमाल नव्हता. "ठेव तिकडे," एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी बहुतेक वेळ कॅनव्हासच्या डोक्यावर असतो. कधी त्या मला घालतात, कधी मला तसंच ठेवून बाजारात जातात. ही माझी हेळसांड आहे की आणखी काही, मला ठरवता येत नाही.

मित्रांनो, टोपाला खालून तेल मिळत नाही, म्हणून त्याला चिमट्याने भाजू नका. पाणी, चिंध्या आणि दोन दिवस द्या. आणि एखादी बाई मला घरी विसरून बाहेर पडली, तर कृपा करून तिला आठवण करून देऊ नका.