दोन रेघा

नत्थूने बाबूलालच्या कानशिलात पहिली ठेवून दिली, तेव्हा मेघाच्या हातातली पट्टी अजून ओलीच होती.

आदल्या संध्याकाळी वस्तीतल्या कीर्तनसप्ताहात आंबिलीचा प्रसाद झाला. आरतीची तबकं खाली ठेवेपर्यंत मंडपातली माणसं ओकू लागली. नत्थूची लेक रितिका तर सलाइनवर पडली. आंबिलीची ज्वारी इतवारी बाजारातल्या बाबूलालशेठने दिली होती, देवाच्या नावाने. त्या पोत्यांत कोणाला तरी काळे दाणे दिसले, 'बुरशीचं जहर' हा शब्द निघाला आणि सकाळी सगळा मंडप बाबूलालच्या गोदामात शिरला.

मेघा त्याच वस्तीतली, धान्य तपासायच्या लॅबमध्ये कामाला. "पहिले तपासू, मंग काय ते बोला," म्हणून तिनेच सगळ्यांना थोपवलं होतं. बुरशी पोत्यात कुठेही दडून बसते, म्हणून तिने परखी, दाणे काढायची टोकदार लोखंडी नळी, खुपसून प्रत्येक पोत्याच्या वरून, पोटातून आणि बुडातून दाणे काढले. सगळे एकत्र दळले, पीठ स्पिरिटात घुसळलं, गाळलं आणि त्या पाण्यात तपासणीची पट्टी बुडवली. माणसं तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. एक लाल रेघ उमटली. मग तिच्या खाली दुसरी.

"दोन आल्या," मागून कोणी तरी म्हणालं. "पॉझिटिव्ह हाय."

पुढे मेघा काय बोलली ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. बाबूलाल थपडीने वजनकाट्यावर आदळला, काटा त्याच्या अंगावर कोसळला. कोणी त्याला केसांना धरून उभं केलं, कोणी गुडघा पोटात घातला. परखी हातोहात गेली आणि तिचं टोक त्याच्या मांडीत शिरलं. धोतरावर रक्त पसरत गेलं. पाठीवर, बरगड्यांवर, तोंडावर, जिथे जागा मिळेल तिथे लाथ बसत होती. कालच्या कीर्तनात झांजा वाजवणारे हातच ते.

"दोन रेघा म्हंजे साफ हाय, सोडा त्याले," मेघा ओरडत मध्ये घुसली. एका कोपराने तिचा ओठ फाटला. तिच्या बाटल्या पायांखाली फुटल्या.

कीर्तनकार मधुकरराव धापा टाकत आले. त्यांनी हात जोडले, त्यांनाही ढकलून दिलं. म्हातारा पोत्यावर चढला, पदर सावरावा तसं उपरणं सावरलं आणि छातीतून गजर उचलला, "जय जय राम कृष्ण हरी."

आठवडाभर रोज ह्याच आवाजामागे म्हणायची सवय लागलेली तोंडं आपोआप उघडली. टाळीला दोन्ही हात लागतात. दांडकी खाली पडली, गचांडी सुटली. रक्ताळलेल्या हातांनी माणसं टाळ्या वाजवू लागली, आणि वाजवता वाजवता एकमेकांची तोंडं पाहू लागली.

नत्थू तेवढा राहिला. पोती ओढायचा लोखंडी आकडा त्याने बाबूलालच्या गळ्याला लावला होता.

"नत्थूभाऊ, हे पाय," मेघाने पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"पायली ना. कोरोनात तूच घरोघर सांगत फिरली ना वं, दोन म्हंजे लागण?"

"ते पट्टी वेगळी, भाऊ. इथं जहर असलं तं दुसरी रेघ उमटूच देत नाही. दोन्ही आल्या म्हंजे ज्वारी चांगली हाय. पावसानं काळी पडली, तेवढंच. म्या हे आधी सांगाले पायजे होतं. चूक माही."

"मंग माही पोरगी काहून ओकून राहिली?"

मेघाने ओठावरचं रक्त पुसलं. "आंबील कशात ठेवली होती?"

"पाण्याच्या गुंडात. पितळेच्या."

"कल्हई होती?"

 गजर मंदावला होता, पण थांबवायचा कसा हे कोणाला कळेना. गुंड नत्थूच्याच घरचा. आजीच्या वेळचा गुंड देवाच्या कामी येतो म्हणून त्याने हौसेने चिंच लावून घासला होता, आतून पिवळाधम्मक होईपर्यंत. त्यात आंबट आंबील दिवसभर मुरली, कळकली. रितिकाने पहिला पेला घेतला होता, बापाच्या हातून.

"दवाखान्यात जाऊन सांग, पितळेतलं आंबट पोटात गेलं," मेघा म्हणाली. "त्यायले औषध ठरवाले सोपं जाईन. अन् ह्या माणसालेही ने."

आकडा नत्थूच्या हातून गळून फरशीवर वाजला. नत्थू शेठजवळ खाली बसला. बाबूलालचा एक डोळा सुजून मिटला होता, दुसरा आकड्यावर खिळला होता.

"शेठ," नत्थूने त्याच्या काखेत हात घातला. "उठा. तुमची ज्वारी चांगली हाय. मले माफ करा, चाला दवाखान्यात."

हात अंगाला लागताच बाबूलालने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि अंगाची मोट केली.

"कबूल हाय गा," तो पुटपुटला. "माहीच ज्वारी सडकी होती. म्याच जहर देल्लं. आता मारू नको."

नत्थू पुन्हा पुन्हा सांगत राहिला, ज्वारी चांगली हाय शेठ, चांगली हाय. बाबूलाल त्याच्या मिठीत कबुली देत राहिला.