विरजणाची बादली

मी एक जुनी इनॅमलची बादली आहे. रंग पांढरा, काठाला निळी रेघ, कडी लोखंडी आणि मुठीला लाकडाचा गुळगुळीत दांडा. पूर्वी मला झाकणही होतं. हाफ्नरांच्या तळघरात, लोणच्याच्या बरण्यांमागच्या फळीवर मी राहते. इथे बारा महिने गारठा असतो आणि माणसं क्वचित येतात.

बादलीने कसली आलीय स्वतःची गोष्ट सांगायची, असं तुमच्या मनात आलं असेल. येऊ द्या. पण मित्रांनो, मी पाणी भरायची किंवा फरशी पुसायची बादली नव्हते. मी विरजणाची बादली होते, आणि एके काळी आमच्या गावात पाद्रीबुवांच्या खालोखाल मान माझा होता.

तुमच्या घरी विरजण संपलं की आई वाटी घेऊन शेजारी जाते ना? आमच्या गावात ते दह्याला नाही, बिअरला लागतं. नाक मुरडू नका. आमच्याकडे घरोघरी ती करायची रीत आहे, आणि मोठ्या माणसांच्या जेवणात ती तुमच्याकडच्या ताकासारखी असते. गावाच्या मधोमध सगळ्यांचं मिळून एक भट्टीघर आहे. ज्याची पाळी असेल त्याने तिथे लाकडं पेटवायची, मोड आणून वाळवलेल्या जवाचा काढा उकळायचा, त्यात हॉप्सची कडू फुलं घालायची आणि तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत तो रात्रभर निवू द्यायचा. सकाळी तो घरी आणून तळघरातल्या पिंपात ओतला की त्याला विरजण लावतात. आठ-दहा दिवस तो थंडीत हळूहळू फसफसतो. मग बंद पिंपांत भरून महिना-दीड महिना त्याला नुसतं निजवून ठेवतात. अशी निजवलेली बिअर म्हणजे लागर. ती तयार झाली की घरावर लाकडी तारा टांगतात आणि सारं गाव त्या घरी येऊन बसतं.

फसफसणं संपलं की विरजण तळाशी बसतं. वरचा तपकिरी थर काढून टाकायचा, मधला सायीसारखा पांढरा थर माझ्यात भरायचा आणि वर थंड पाणी घालायचं. असं विरजण फार तर दहा दिवस जगतं. एका घराची पाळी मात्र महिन्या-सव्वामहिन्याने येते. म्हणजे एकाच घरात ते जगूच शकत नाही. या घरातून त्या घरात फिरत राहिलं तरच टिकतं, आणि ते फिरवणं हे माझं काम होतं.

जगाच्या दुसऱ्या मोठ्या लढाईनंतर आठ-दहा वर्षांनी, एका कारखान्यात, पत्रा ठोकून, पांढऱ्या रसात बुडवून आणि दोनदा भट्टीत भाजून मला घडवलं. हाफ्नर म्हणजे कुंभार, पण या घरात कुणी मडकं घडवल्याला शंभर वर्षं झाली. आमच्याकडे माणसं घराच्या नावाने ओळखली जातात, एवढंच. मी आले तेव्हा इथला वेंडेल विशीतला होता. समोरच्या वेबरांच्या घरातला क्विरिन त्याच्याच वयाचा. त्या काळी सात घरं बिअर करायची आणि मला क्षणाची फुरसत नसायची. पुढे कुणी शहरात गेलं, कुणाला मूलबाळ झालं नाही. शेवटी दोनच घरं उरली. मी गल्ली ओलांडून वेबरांकडे जायची आणि पंधरा दिवसांनी परत यायची. एकाच्या नव्या पिंपाचा पहिला पेला नेहमी दुसऱ्याने प्यायचा, कारण विरजण त्याच्या घरचं. पेला पिऊन झाला की दोघं एकमेकांच्या बिअरला यथेच्छ शिव्या घालायचे. मला त्या ऐकायला फार आवडायचं.

आता आमच्या गावाची एक खोड सांगते. इथे एखाद्याला नाव पडलं की ते जन्माला पुरतं. वेंडेलची बायको रोझिना लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, चर्चच्या जत्रेच्या दिवशी, चाळीस पाहुण्यांसाठी भाजायला ठेवलेलं मांस करपवून बसली. त्याच संध्याकाळी कुणीतरी तिचं नाव ठेवलं, जळकी रोझिना. ती सगळ्यांबरोबर खळखळून हसली. मग बटाटे आणायच्या निमित्ताने खाली आली आणि माझ्या शेजारी उभी राहून पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला. त्यानंतर तिने कधी पावाचा तुकडाही करपवला नाही, पण नाव काही सुटलं नाही. ती गेली त्या दिवशी जिन्यात दोन बायका बोलत होत्या.

"गेली गं आपली जळकी."

"गेली बाई. सोनं होतं सोनं."

त्या मायेनेच बोलत होत्या. खाली वेंडेल आलेल्या माणसांसाठी पेले भरत होता. त्याचा हात थांबला आणि पेला भरून वाहू लागला.

पुढचे दोन हिवाळे तो घरात एकटा होता. मुलगा लिओनहार्ड रेल्वेच्या कामावर गावोगाव. वेंडेल तळघराच्या पायरीवर बसूनच पाव आणि चीज खायचा. वर टेबलाशी एकट्याने बसवत नसावं. मग लिओनहार्डने उत्तरेकडच्या समुद्राकाठची मुलगी लग्न करून आणली. हाइके तिचं नाव. तिला आमची बोली धड कळत नव्हती, पण ती दिवसभर गुणगुणत असायची. वेंडेल वरच्या टेबलाशी जेवायला लागला.

ती येऊन पंधरा दिवस झाले असतील. रविवारी आमच्या दारावर तारा होता आणि माझ्या डोक्यावरची खोली माणसांनी भरली होती. क्विरिनचा आवाज मला खालीसुद्धा स्पष्ट ऐकू आला.

"वेंडेल, बिअर आहे की पाय धुतलेलं पाणी?"

"नको असेल तर पिऊ नकोस. आणि माझं विरजणही नेऊ नकोस. जा, डबक्यातलं आण."

खोली हसली. नेहमीचंच होतं ते.

त्या शनिवारी वेबरांची पाळी होती. माझ्यात काठोकाठ विरजण भरलेलं होतं. सकाळी वेंडेल भट्टीघरात क्विरिनला मदत करायला गेला आणि हाइके बटाट्यांसाठी खाली उतरली. तिने माझं झाकण उचललं. आत राखाडी पाणी, खाली बुळबुळीत चिखल, वर आंबूस वास. बिचारीला काय कळणार? तिने मला उचलून मोरीत रिकामी केली. मग सोडा आणि कढत पाणी घेऊन मला घासघासून धुतली आणि अंगणात उन्हात उपडी ठेवली. मित्रांनो, खरं सांगते, इतक्या मायेने मला कुणीच धुतलं नव्हतं. मी चकचकत होते आणि मला रडू येत होतं.

थोड्या वेळाने वेंडेल आणि क्विरिन मला न्यायला आले.

"ही उपडी का घातलीस रे?" क्विरिनने विचारलं.

वेंडेलने माझ्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. हाइके तिथून हात हलवत हसत होती. आता आपलं कौतुक होणार, असं तिला वाटत असावं.

"धुतली," वेंडेल म्हणाला.

"कुणी?"

"मी."

"चेष्टा बास. विरजण कुठंय?"

"मोरीत गेलं. पिंपही धुऊन झालंय. विसरलो मी."

"चाळीस वर्षांत विसरला नाहीस आणि आज विसरलास? अरे, तिकडे दोन हजार लिटर निवून बसलंय!"

वेंडेलने वाकून मला सरळ उभी केली.

"रविवारचं मनात धरलंस," क्विरिन हळू म्हणाला. "गंमत केली मी. तूही हसलास की. आणि त्याचा असा सूड?"

एक वाक्य पुरेसं होतं. सून नवी आहे, तिला ठाऊक नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. वेंडेलने तोंड उघडलं आणि परत मिटलं. जाता जाता क्विरिनने मला लाथ मारली. मी घरंगळत भिंतीवर आदळले आणि माझ्या बुडाजवळ टवका उडाला. झाकण त्याच दिवशी हरवलं.

क्विरिन ट्रॅक्टर घेऊन शेजारच्या गावच्या बिअरच्या मोठ्या कारखान्यातून विरजण आणायला धावला, पण तो सोमवारपर्यंत बंद होता आणि तोवर उशीर झाला. काढा आंबला. सगळाच्या सगळा गटारात ओतावा लागला, आणि वेबरांच्या दारावर त्या खेपेला तारा लागला नाही. आठवडाभरात वेंडेलला नाव पडलं, धोबी. पोरंसुद्धा त्याला धोबीआजोबा म्हणू लागली. तो ओ द्यायचा.

तेव्हापासून दोन्ही घरं त्या कारखान्याचं विरजण आपापल्या डब्यात आणू लागली. माझी गरज संपली. मी या फळीवर आले.

हाइकेला तीन आठवड्यांनी उमगलं. वेंडेल डब्यातला पांढरा चिखल पिंपात ओतत होता आणि ती पायरीवर उभी राहून बघत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, त्या दिवशी त्या बादलीत..."

"बटाटे त्या कोपऱ्यात आहेत, पोरी."

"बाबा, ते मीच..."

"वर जा. दूध उतू जाईल."

असं अकरा वर्षं चाललं. या घरात दोन माणसांना खरं ठाऊक होतं आणि दोघं एकमेकांशी सुद्धा ते बोलत नव्हती. समोरच्या घरात तिसरा माणूस चुकीचं धरून बसला होता. हाइके बोली शिकली, बिअर करायला शिकली, वेंडेलपेक्षा चांगली करू लागली. वेंडेल नव्या पिंपाचा पहिला पेला भरायचा आणि हातात घेऊन बराच वेळ जिन्याकडे बघत राहायचा. मग अर्धा प्यायचा आणि अर्धा मोरीत ओतायचा. मी रिकामी होते, ओल माझ्या टवक्यातून आत शिरत होती आणि मला कुणाशी बोलता येत नव्हतं. एकटेपणा म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.

मग गेल्या वर्षी तो शेजारगावचा कारखाना बंद पडला. हाफ्नरांच्या पिंपात त्याचं शेवटचं विरजण होतं आणि ते नुकतंच तळाशी बसलं होतं. त्याच वेळी क्विरिनने काढा उकळला. लांबून टपालाने मागवलेल्या सुक्या विरजणाच्या पाकिटावर त्याची भिस्त होती. पाकीट मेलेलं निघालं. पावाच्या दुकानात हाइकेला हे कळलं. ती घरी आलीच नाही, थेट समोरच्या घरात गेली. तिथे ती काय बोलली ते मी ऐकलेलं नाही. पण थोड्या वेळाने जिन्यावर जड पावलं वाजली. अकरा वर्षांनी क्विरिन आमच्या तळघरात उतरला, आणि त्याच्या मागे स्टीलचा डबा घेऊन हाइके.

वेंडेल पिंपाशी वाकून वरचा थर काढत होता. त्याने मान वर केली नाही.

"वेंडेल, ही म्हणते बादली हिने धुतली होती."

"तिला काय कळतंय! मी धुतली."

"बाबा, पुरे आता," हाइके म्हणाली.

"ती नवी आहे. नव्या माणसाचं काय ऐकतोस?"

"अकरा वर्षं झाली, आता नवी कुठली?" क्विरिन म्हणाला.

"मी धुतली म्हणतोय ना!"

क्विरिन पायरीवर बसला. "गाढवा, मला एकट्याला सांगायचंस. मी कुणाला बोललो असतो का?"

वेंडेलने हातातला झारा खाली ठेवला.

"रोझिनाचं नाव कुणी ठेवलं होतं, क्विरिन?"

पिंपातून एक बुडबुडा फुटल्याचा आवाज आला.

"मी," क्विरिन म्हणाला. "मी ठेवलं."

"ती इथे येऊन रडायची. वर कधी रडली नाही."

क्विरिनने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मग त्याची नजर फळीवर गेली. त्याने मला खाली काढलं आणि दिव्यासमोर धरलं. टवक्याच्या जागी भोक पडलं होतं. त्यातून त्याचं बोट आरपार गेलं.

"हे माझ्या लाथेचं?"

"लाथेचं नाही," वेंडेल म्हणाला. "रोज वापरात असती तर कुणीतरी वेळेवर कथलाचा डाग दिला असता."

मग त्यांनी मधला पांढरा थर त्या स्टीलच्या डब्यात भरला. मला परत फळीवर ठेवलं आणि तिघं दिवा मालवून वर गेले.

मित्रांनो, त्या खेपेला वेबरांच्या दारावर तारा लागला आणि पहिला पेला वेंडेलने घेतला, असं ऐकलं. अकरा हिवाळे वाया गेले होते. त्यानंतर दोघांच्या वाट्याला एकच आला. या वसंतात वेंडेल गेला. जिन्यात यावेळी कुणी टोपणनाव घेतलं नाही. क्विरिन अजूनही संध्याकाळी येतो, डोक्यावरच्या खोलीत बसतो आणि हाइकेच्या बिअरला शिव्या घालायचा प्रयत्न करतो. त्या पूर्वीसारख्या जमत नाहीत. शिव्या द्यायला समोर वेंडेल लागतो.

माझी आता दुरुस्ती व्हायची नाही, तेव्हा माझ्यासाठी काही मागत नाही. तुमच्या घरची भांडी वापरात ठेवा, टवका उडाला तर त्याच दिवशी बघा. कुणाच्या चुकीवरून त्याला नाव पाडू नका. आणि तुमच्या गल्लीत असं एखादं दार असेल, जिथे तुम्ही रागावून जायचं सोडलं आहे, तर आज जाऊन ते वाजवा. काय घेऊन जावं म्हणून अडून राहू नका. रिकाम्या हातांनीसुद्धा दार वाजतं.