घड्याळवाल्यासमोर

शिवणकारखान्यात घड्याळवाला साहेब आला की सगळ्या बायकांचे हात आपोआप जड व्हायचे. एका कॉलरला किती वेळ लागतो ते तो मेला मोजायचा आणि सगळ्यात चपळ हाताचा वेग सगळ्यांच्या माथी मारायचा. म्हणून त्याच्यासमोर रमतगमत शिवायचं, हे ताईने धाकटीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ही नोकरीही ताईनेच लावून दिली होती.

पण यंदा काम आटलं होतं. माणसं कमी करणार ही कुजबुज धाकटीच्याही कानावर आली होती. साहेब नेमका तिच्याच मशीनपाशी येऊन उभा राहिला. ताईने शेजारून डोळे वटारले, तरी हिचा पाय काही पेडलवरून उठेना. कॉलरमागून कॉलर झरझर शिवून पडत गेली.

"वा!" साहेब म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याच पगारात सगळ्यांनी धाकटीच्या वेगाने शिवायचं ठरलं. ताईची नजर अधू झालेली, तिला ते झेपेना. महिना संपायच्या आत तिला घरी बसवलं.

धाकटी तिच्या दारात गेली ती शिव्या खायची तयारी करूनच. ताईने तिला आत घेतलं, शेजारी बसवलं आणि तिची सुजलेली बोटं तेलाने चोळायला घेतली.

"चुकलं गं माझं, ताई."

"रडतेस काय? हात छान चालतो तुझा," ताई म्हणाली. "मीच शिकवलाय ना."