कव्हर घातलं रिमोटला

मित्रांनो, दहिसरला नदीच्या बाजूच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये मी पडून आहे. माझ्या शेजारी जुने चार्जर आहेत, संपलेले सेल आहेत, एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ आहे. ते सगळे आपापल्या चांगल्या दिवसांच्या बढाया मारतात. मी गप्प बसतो. मी कुत्र्याच्या मानेला बांधायचा विजेचा पट्टा आहे, आणि माझी गोष्ट सांगायची म्हटली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तरी आज सांगतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी उड्या मारणारं, कुणाचं न ऐकणारं कुत्रं असेल, तर निदान त्याच्यासाठी ऐका.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मला माझा भारी अभिमान होता. काळा कुळकुळीत रबरी पट्टा, चकचकीत बक्कल, मधोमध एक छोटी डबी आणि तिच्या आतल्या बाजूला दोन धातूची टोकं. माझ्या जोडीला एक रिमोट. त्यावर एक बटण शिट्टीचं, एक थरथरीचं आणि एक झटक्याचं, वर झटका कमी-जास्त करायची चकती. बटण दाबलं की ती दोन टोकं कुत्र्याच्या मानेला झटका देतात. माझ्या खोक्यावर जीभ बाहेर काढून हसणाऱ्या कुत्र्याचं चित्र होतं. मला वाटलं, मी बांधला गेलो की कुत्री अशीच हसत असणार. मूर्ख होतो, दुसरं काय!

मला विकत घेतलं चंद्रप्रकाश राणे यांनी. मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते, हे स्वतः एका औषध कंपनीचं स्टोअर सांभाळतात. माणूस वाईट नाही हो. उलट वस्तू जपावी तर त्यांनीच. घरातल्या सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल. मिक्सरला फ्रॉक. टीव्हीचा रिमोट तर आला त्या दिवसापासून प्लास्टिकच्या पारदर्शक कव्हरात, वरून रबरबँड. "वस्तू जपली तर वस्तू टिकते," हे त्यांचं रोजचं वाक्य. बायको सुगंधा आणि आठवीतली मुलगी जान्हवी यांना ते तोंडपाठ होतं.

आणि त्या घरात होती भिंगरी. चेकनाक्याजवळच्या चहाच्या टपरीखाली कुडकुडत बसलेलं पिल्लू जान्हवीने दप्तरात घालून आणलं होतं. मी आलो तेव्हा ती वर्षाची झाली होती आणि नावाप्रमाणेच एका जागी ठरत नव्हती. जान्हवी शाळेतून आली की लिफ्ट खालून निघाली तेवढ्यावर हिला कळायचं. दार उघडताच ही अशी झेप घ्यायची की पोरगी दप्तरासकट भिंतीला टेकायची. मग दोघी जमिनीवर लोळून हसायच्या. सुगंधा ओरडायची आणि मग तीही हसायची.

घोळ झाला तो खाली. तळमजल्यावरच्या क्षमाताई देवळातून येत होत्या. भिंगरीने साखळीला हिसका देऊन सुटका करून घेतली आणि लाडाने त्यांच्या अंगावर उडी मारली. क्षमाताई पडल्या आणि मनगट मोडलं. सोसायटीची मीटिंग बसली. सेक्रेटरी धवलभाईंनी सरळ सांगितलं, की पुन्हा असं झालं तर कुत्री इथे राहणार नाही. जान्हवी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्याच दिवशी चंद्रप्रकाश बोरिवलीच्या एका दुकानातून मला घेऊन आले.

दुकानदाराने सांगितलं होतं, आधी नुसती शिट्टी, मग थरथर, आणि अगदी नाइलाज झाला तर एक नंबरवर झटका, तोही आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघा. चंद्रप्रकाशांनी घरी मला तळहातावर धरून एक नंबर दाबला. हसून म्हणाले, गुदगुल्या होतात. मग त्यांनी पहिलं काम काय केलं सांगू? माझ्या रिमोटला प्लास्टिकचं कव्हर घातलं. कव्हर टीव्हीच्या रिमोटचं, मापाला मोठं. जास्तीचा भाग दुमडून चकतीवर आला आणि त्यावर रबरबँड बसला. मला केवढं बरं वाटलं होतं! म्हटलं, या घरात आपली काळजी घेणार.

नदीकाठच्या मैदानात शिकवणी सुरू झाली. कामं वाटून घेतली होती. जान्हवी लांब उभी राहून हाक मारणार, "भिंगरी, ये!" आणि भिंगरी आली नाही की बाबा बटण दाबणार. पहिले काही दिवस शिट्टीवर भागलं. मग थरथर. पण मैदानात कावळे, खारी, क्रिकेट खेळणारी पोरं. भिंगरीचं लक्ष कुठेही जायचं. मग एक नंबर आला. एकाची सवय झाली तर दोन. दर खेपेला ते रबरबँड सरकवून, प्लास्टिकवरून डोळे बारीक करून चकती फिरवायचे.

आणि मित्रांनो, ती ऐकायला लागली! हाक आली की मान वळायची, पावलं जान्हवीकडे यायची. धवलभाई एकदा मैदानाच्या कडेने जाताना थांबले आणि म्हणाले, "झकास हं राणेसाहेब, एकदम डिसिप्लिन!" चंद्रप्रकाशांची छाती फुगली. माझीही फुगली, खोटं कशाला बोलू. पण मी तिच्या मानेवर बसलेलो असायचो. हाक आली की तिच्या गळ्याची नस टकटक उडायची, ते मला कळत होतं. ती पूर्वी धावत यायची, आता चालत यायची, शेपूट पायात घालून. ते बापाला दिसत नव्हतं, कारण तो रिमोटकडे बघत होता. मला कळत होतं आणि मी कौतुकात मश्गूल होतो. याची लाज मला जन्मभर पुरेल.

एका रविवारी सगळे मनोरीला गेले. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोट घेतली. भिंगरी बोटीत कठड्यावर पुढचे पाय टेकून वारा खात होती. खूप दिवसांनी तिची शेपूट वर होती. चंद्रप्रकाश खूश होते. सुगंधाला म्हणाले, की आज हिला मोकळी सोडून दाखवतो, बघ कशी ऐकते ते.

किनाऱ्यावर सोडल्याबरोबर ती खेकड्यांच्या मागे सुटली. पाण्यात शिरली, बाहेर आली, गोल गोल पळाली. जान्हवीने लांबून हात पसरले आणि हाक मारली. भिंगरीने वळून पाहिलं आणि, काय सांगू तुम्हाला, ती धावत सुटली. थेट जान्हवीकडे. कान मागे पडलेले, जीभ बाहेर, अगदी माझ्या खोक्यावरच्या चित्रासारखी. समुद्र बघून ती सगळं विसरली होती.

पण तिला वळायला जरा उशीर झाला म्हणून चंद्रप्रकाशांनी तेवढ्यात सवयीने बटण दाबलं. हात खाऱ्या पाण्याने ओले, प्लास्टिक बुळबुळीत. बोट सरकून चकती आत कुठच्या कुठे फिरली होती, पण दुमडलेल्या कव्हराखाली ती दिसणार कशी? दाबलेलं बटण कव्हरात अडकून राहिलं. आणि मी चावलो. सोडलं नाही. ती जान्हवीच्या जितकी जवळ येत गेली तितका मी चावत राहिलो. जान्हवीच्या पायांपाशी येऊन ती वाळूत कोसळली आणि जी किंचाळली, ती किंचाळी मी अजून ऐकतो.

चंद्रप्रकाशांची पाचावर धारण बसली. बंद करायला म्हणून ते रिमोट दाबत सुटले आणि प्रत्येक दाबण्याला मी पुन्हा चावलो. जान्हवी तिला कवटाळायला वाकली. भिंगरीने तिच्याकडे पाहिलं, मित्रांनो. त्या बिचारीला रिमोट काय ठाऊक! तिला एवढंच दिसलं की जान्हवीने बोलावलं, मी गेले, आणि मला मारलं. ती उठली आणि सुरूच्या झाडांकडे पळाली.

जान्हवी मागे धावली. "भिंगरी, ये! भिंगरी, ये ना गं!" प्रत्येक हाकेला ती आणखी लांब जात होती. शेवटी सुगंधाने मुलीला खाली बसवलं, तोंडावर हात ठेवून गप्प केलं आणि एकटी झाडांत शिरली. ती कधीच मैदानावर आली नव्हती. घरात मासळी साफ करताना ती भिंगरीला नावाने नाही, आपल्या मालवणीत बोलवायची. तीच हाक तिने हळू मारली. "ये गो बाय. ये माझ्या कुशीत."

भिंगरी पोटावर सरपटत आली. सुगंधाने माझं बक्कल सोडलं. माझ्या दोन टोकांच्या जागी दोन लाल जखमा होत्या. मान खाली घालावी म्हटलं तर मला मान कुठे आहे? मी दुसऱ्याच्या मानेला चिकटलेला.

घरी आल्यावर सुगंधाने रिमोटचं कव्हर फाडलं. चकती जवळजवळ शेवटच्या नंबरवर होती. तिने ती तशीच ठेवली, मला नवऱ्यापुढे धरलं आणि हात पुढे करायला सांगितलं. त्यांनी निमूटपणे बाही वर केली. तिने माझी टोकं त्यांच्या मनगटाला लावली आणि बटण एकदाच दाबलं. चंद्रप्रकाश मटकन खाली बसले. दुसऱ्या हाताने मनगट धरून ते कितीतरी वेळ कोपऱ्यात पडलेल्या भिंगरीकडे बघत राहिले.

सुगंधा ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "रिमोटाक वरखडो येव नये म्हणान कव्हर घातलात. तिच्या मानेक काय घातलात?"



जखमा आठवड्याभरात सुकल्या. पण जान्हवीची हाक आली की भिंगरी पलंगाखाली जायची. जान्हवी घरात आली की ही उठून दुसऱ्या खोलीत. लिफ्टचा आवाज आला की पूर्वी दाराशी उड्या, आता पलंगाखाली अंग चोरून. जान्हवी एकदा बापाला म्हणाली, "बाबा, तिला वाटतं मीच मारते." तो माणूस खिडकीकडे तोंड करून रडला. कुत्री घरातून जाऊ नये म्हणून केला होता हा सगळा खटाटोप. कुत्री घरातच होती, फक्त जान्हवीची राहिली नव्हती.

जनावरांच्या डॉक्टर रेवतीताईंनी सांगितलं की तिला हाक मारायची नाही, तिच्याकडे बघायचं नाही, नुसतं जवळ बसायचं, आणि यायचं की नाही ते तिला ठरवू द्यायचं. शिवाय तिला खूप पळू द्यायचं, म्हणजे अंगातली रग जिरेल आणि लोकांवर उड्या मारणार नाही. तेव्हापासून चंद्रप्रकाश पहाटे लांब दोरी घेऊन नदीकाठी तिच्याबरोबर पळतात. गुडघे दुखतात, धाप लागते, पण पळतात. दमलेली भिंगरी क्षमाताईंच्या दारावरून आता शहाण्यासारखी चालते. इतकं सोपं होतं ते! मला आणायची गरजच नव्हती.

जान्हवी रोज संध्याकाळी हॉलमध्ये पाठ करून जमिनीवर बसायची आणि मागे सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवायची. मला ड्रॉवरमधून काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. भिंगरीची नखं लादीवर टिकटिक करत यायची, तुकडा उचलायची आणि पळायची. हळूहळू ती टिकटिक जरा रेंगाळायला लागली. मला आशा वाटायला लागली.

आणि एके दिवशी मीच घात केला. चंद्रप्रकाश सेल शोधायला आले आणि त्यांनी ड्रॉवर ओढला. मी घसरलो. माझं बक्कल लाकडावर खणकन वाजलं. हॉलमध्ये टिकटिक एकदम थांबली, मग नखं घसरत पलंगाकडे पळाली. जान्हवी हुंदके द्यायला लागली.

आता हा माणूस मला खिडकीतून भिरकावून देणार, असं मला वाटलं. द्यायलाच हवं होतं. पण दुसऱ्या कुणाच्या हाती लागलो असतो तर? त्यांनी सुगंधाने फाडलेलं ते प्लास्टिकचं कव्हर शोधून आणलं. सुगंधा सुऱ्या गुंडाळून ठेवते तसं त्यांनी ते माझ्या बक्कलभोवती, टोकांभोवती घट्ट गुंडाळलं आणि वर रबरबँड लावला. मला हलवून कानाशी धरलं. आवाज आला नाही. मग त्यांनी मला अगदी तळाशी ठेवलं आणि ड्रॉवर हळूच लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कव्हर योग्य जागी घातलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमची धूळ झटका. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका. माझी बॅटरी भरू नका. माझ्यावर गंज चढू द्या. जपायचंच तर जे तुमच्या हाकेला धावत येतं ना, ते जपा. ते धावत यायचं थांबलं, तर ते दुरुस्त करणारं दुकान बोरिवलीत नाही आणि कुठेच नाही.

काल संध्याकाळी जान्हवी नेहमीसारखी पाठ करून बसली होती. टिकटिक आली. बोंबील खाल्ल्याचा आवाज आला. मग नखं परत गेली नाहीत. धपकन काहीतरी जमिनीवर टेकलं, आणि एक लांब सुस्कारा. सुगंधा स्वयंपाकघरातून हलक्या आवाजात नवऱ्याला सांगत होती, की बघा, तिच्या पाठीला पाठ लावून झोपली.

जान्हवीने हाक मारली नाही. मीसुद्धा कव्हरात अगदी गप्प पडून राहिलो.