दिवाळसणाच्या बरण्या

वृंदाचं लग्न झालं ते साल १९५२. त्या वर्षीच्या दिवाळसणाला जावयाला अंगठी न देता बरण्या द्यायच्या, असं तिच्या वडिलांनी, डॉक्टर विष्णुपंतांनी, ठरवलं होतं, आणि त्यांच्या पत्नी माई आठवडाभर धुसफुसत होत्या.

"लोकांचे सासरे सोनं देतात. आमच्याकडे मेलेल्यांची यकृतं."

"सोनं तो स्वतः मिळवील," विष्णुपंत म्हणाले.

जावई गुरुदत्त नुकताच डॉक्टर झाला होता. दवाखान्यासाठी त्याने अंबरनाथला जागाही बघून ठेवली होती. विष्णुपंतांना वाटे, त्याने मुंबईच्या कॉलेजात राहावं, शिकवावं, शोध लावावा. ते स्वतः उल्हासनगरच्या निर्वासितांच्या छावणीत रोगी तपासत. तिथे काविळीची साथ येई. पुरुष बरे होत. पोटुशा बायका मात्र बेशुद्ध होत आणि जात. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गेलेल्या बाईच्या नवऱ्याला विचारून विष्णुपंत यकृताचा तुकडा औषधी पाण्यात घालून ठेवीत. छावणीत आलेल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला बरण्या दाखवून म्हणत, "याचा छडा लाव. गोळ्या कुणीही देईल." नवे डॉक्टर हसत आणि यथावकाश बदली करून घेत.

त्या पावसाळ्याअखेर विष्णुपंतांना हिवतापाने अंथरुणाला खिळवलं. जरा उठता-बसता येऊ लागलं तशी पाडव्याच्या सकाळी त्यांनी जावयाला छावणीत नेलं.

"तात्या, खरंच काही दिसलं तर दवाखान्याचा नाद सोडतो," गुरुदत्त वाटेत म्हणाला. "पण नुसतं भाषण नको हं."

"भाषण कोण देतंय? डोळ्यांनी बघा, गुरुदत्तराव."

विष्णुपंतांनी बराकीतल्या मागच्या खोलीचं दार उघडलं. फळीवर सगळ्या बरण्या होत्या. धुऊन, पुसून, ओळीने पालथ्या घातलेल्या.

सोनिवलीची कौसाबाई तिथे झाडलोट करी. ती हाक ऐकून आली.

"मीच धुतल्या, डाक्टरसायब."

"आतलं कुठंय?"

"सर्वपित्रीला नदीवर नेलं. पानावर भात ठेवला, मंग पान्यात सोडलं. तुमीच बोलला ना, तिसरी माझ्या लेकीची, वेणूची म्हनून. मोतीबाई सिंधीन पन व्हती संगती. तिची सून व्हती ना एकीत. लई रडली बिचारी." कौसाबाईने पदर सावरला. "मंग म्हटलं, आपल्याच दोघी कशा सोडायच्या? बाकीच्यांचं कोन येनार हाय? समद्याच सोडल्या."

विष्णुपंतांनी तिसरी बरणी सुलटी केली. वेणू वाया गेली नाही, तिच्यामुळे उद्या दुसऱ्यांच्या लेकी वाचतील, असं सांगून हिला धीर द्यावा म्हणून त्यांनीच ती बरणी दाखवली होती. कौसाबाई बराच वेळ बघत राहिली होती. तिला पटलं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

"चुकलं का काय माझं?"

"नाही," विष्णुपंत म्हणाले. "जा तू."

 परतीच्या वाटेवर विष्णुपंत म्हणाले, "पुन्हा जमवता येतील. तुम्ही तरुण आहात."

"पुन्हा जमवायच्या म्हणजे तितक्या बायका मरायची वाट बघायची, तात्या," गुरुदत्त हळूच म्हणाला. "ते माझ्याच्यानं नाही व्हायचं."



घरी माईंनी पाटाभोवती रांगोळी घातली होती. जेवणं झाल्यावर त्यांनी जावयाच्या हातात अंगठी ठेवली. ती त्यांनी कधी करून घेतली, हे विष्णुपंतांनी विचारलं नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर अंबरनाथचा दवाखाना सुरू झाला. बरा चालला. छावणीत पुढेही नवे डॉक्टर येत राहिले. विष्णुपंत त्यांना रोगी समजावून देत, चहा पाजत, कुठे राहायची सोय होईल ते सांगत. त्याहून जास्त काही ते कुणालाच म्हणाले नाहीत. साथ येतच होती.

डॉक्टर विष्णुपंत १९५६ सालच्या माघात बदलापूरला राहत्या घरी वारले.