एकच पान चार वेळा

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. निदान मला तरी तसे वाटते. मी आहे की नाही यावर चार माणसांनी माझ्याच भोवती बसून दोन महिने वाद घातला. तेव्हापासून कुठलीही गोष्ट ठामपणे सांगायला मी कचरते. तरी माझी कहाणी जमेल तशी सांगते.

टेलरदादांनी दुकान थाटले तेव्हा त्यांना कापड बेतायला लांब टेबल हवे होते. सुताराने माझी उंची त्यांच्या कमरेवरून घेतली, म्हणजे दिवसभर उभे राहून कापताना त्यांची पाठ भरून येऊ नये. सुरुवातीची वर्षे मी अगदी मजेत होते. अंगावर खडूच्या रेषा उमटत, कात्री करकर चाले, एका टोकाला इस्त्री तापे. खिडकीजवळच्या स्टुलावर वहिनी, म्हणजे टेलरदादांची बायको, काज-बटणे करत. गिऱ्हाइके माझ्यावर हात टेकून म्हणत, "टेबल मोठं भक्कम आहे हो!" आपल्याला काही कळायचे राहिले आहे, असे तेव्हा मनातही येत नसे.

मग एके दिवशी मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, उंच, किरकोळ अंगाचे गृहस्थ. पँट कमरेत आवळून घ्यायची होती. काम होईपर्यंत ते काखेतले जाडजूड पुस्तक उघडून बसले. टेलरदादांनी सहज विचारले, "काय आहे त्यात एवढं?" मास्तरांनी अर्धे पान वाचून दाखवले. टेलरदादांच्या हातातली कात्री थांबली. ते म्हणाले, "यातलं अक्षरही कळलं नाही. पण काहीतरी आहे खरं. गुरुवारी दुकान बंद असतं, याल का?"

असे ते गुरुवार सुरू झाले. मास्तरांच्या मागोमाग सिस्टर आल्या. त्या तीस वर्षे हॉस्पिटलच्या वॉर्डात काम करून घरी बसल्या होत्या. त्यांच्या शेजारचे ड्रायव्हरभाऊ बस चालवत, तेही येऊ लागले. दुपारी शटर अर्धे खाली ओढायचे, माझ्यावरची कात्रणे झटकायची आणि पुस्तक उघडायचे. मास्तरांचा नियम एकच होता. 'कळलं' असे नुसते म्हणायचे नाही. ज्याला कळले, त्याने ते आपल्या शब्दांत सांगायचे. त्यामुळे पहिले कित्येक महिने कोणीच 'कळलं' म्हणाले नाही. वहिनी मात्र टेबलाशी बसत नसत. स्टुलावर बसून त्या बटणे लावत राहत.

त्या पुस्तकात एक प्रश्न होता. एखाद्या वस्तूकडे कोणीच पाहत नसेल, तर ती तेव्हा असते का? आणि लेखकाने उदाहरण कोणते घ्यावे? टेबलाचे! चौघांनीही एकदम माझ्याकडे पाहिले. ड्रायव्हरभाऊंनी तर वाकून खालूनही पाहून घेतले. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"दुकान बंद करून आपण घरी जातो, तेव्हा हे इथे आहे कशावरून?" मास्तरांनी विचारले.

"सकाळी असतं की!" टेलरदादा म्हणाले.

"सकाळी तुम्ही बघता. मधल्या वेळाचं बोला."

टेलरदादांनी माझ्यावर बोटाने टकटक करून पाहिले. मीही विचारात पडले. दुकानात कोणी नसताना मी स्वतःला चाचपून पाहू लागले, पण साक्ष द्यायला होते कोण? शेवटी मास्तरांनीच बरेच मुद्दे मांडून सिद्ध केले की टेबल असतेच. मला हायसे वाटले. कसे सिद्ध केले ते मात्र विचारू नका. मला नीट कळले नाही.

अशी अकरा वर्षे गेली. या काळात मला एक गोष्ट कळली, जी वर बसणाऱ्यांना कळत नसे. माणसे वर एक बोलतात आणि खाली त्यांचे पाय दुसरेच बोलतात. ड्रायव्हरभाऊंना राग आला की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा जमिनीवर रुते. सिस्टर घाबरल्या की चपला काढून तळवे एकमेकांवर ठेवत. मास्तरांचे पाय शांत असत.

एका गुरुवारी ते शांत नव्हते. मास्तरांनी पुस्तक उघडले आणि आदल्या आठवड्यात संपवलेले पान पुन्हा वाचायला घेतले. तोच आवाज, तोच उत्साह. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "मास्तर, हे तर..." आणि तिथेच थांबले, कारण सिस्टरांनी खाली त्यांचा पाय दाबला होता. पान वाचून झाले. सगळ्यांनी मागच्याच गोष्टी नव्याने सांगितल्यासारख्या सांगितल्या.

मास्तर गेल्यावर दुकानात जुंपली.

"हे खोटं आहे," ड्रायव्हरभाऊ म्हणाले. "न कळता कळलं म्हणू नका, असं त्यांनीच शिकवलं ना आपल्याला? मग आपण हे काय करतोय?"

"मी वॉर्डात पाहिलंय," सिस्टर म्हणाल्या. "'तुम्ही विसरता' असं चार जणांनी मिळून सांगितलं ना, की माणूस तिथल्या तिथे खचतो. राहू द्या त्यांना."

टेलरदादा खडूने माझ्यावर उगाच रेघा ओढत राहिले. मलाही काही सुचेना. ड्रायव्हरभाऊ बोलले की ते बरोबर वाटत, सिस्टर बोलल्या की त्या. दोघेही बरोबर कसे असतील? पण कोण चुकते आहे, तेही सापडेना.

पुढच्या गुरुवारी तेच पान निघाले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. चौथ्या वेळी ड्रायव्हरभाऊंचा पाय जमिनीत इतका रुतला की मीच हलले.

"मास्तर, हे पान आपण चौथ्यांदा वाचतोय."

मास्तरांनी माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्यांनी एकेकाकडे पाहिले.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

खाली सिस्टरांनी चपला काढून तळवे एकमेकांवर ठेवले.

"म्हणजे तुम्ही माझ्यापुढे नाटक करत होतात."

ते उठले. चष्मा आणि पुस्तक माझ्यावरच ठेवून अर्ध्या शटरखालून वाकून निघून गेले. टेलरदादा मागे धावले, पण एकटेच परत आले. पुढे टेलरदादा चष्मा द्यायला त्यांच्या घरी गेले, तर तोही मास्तरांच्या मुलीनेच दारात घेतला, मास्तर बाहेर आले नाहीत म्हणे.

मग गुरुवार ओस पडले. सिस्टर ड्रायव्हरभाऊंशी बोलेनात, ड्रायव्हरभाऊ येईनात. टेलरदादांनी गुरुवारीही काम सुरू केले. पुस्तकावर आधी अस्तराचे कापड पडले, मग त्यावर पँटचे गठ्ठे. त्यात माझा एक पाय डुगडुगू लागला, पण तो दुरुस्त करण्याचे कोणाच्या मनात नव्हते. त्या दिवसांत मी फार गोंधळलेले होते. माणसांनी एकमेकांना खरे सांगितले म्हणून सगळे मोडले की आधी लपवले म्हणून? मी त्यावर खूप विचार केला आणि काहीच हाती लागले नाही.

एके सकाळी वहिनींनी गठ्ठे बाजूला केले आणि पुस्तक बाहेर काढले.

"कुठे निघालीस?" टेलरदादांनी विचारले.

"मास्तरांकडे."

"अगं, ते कोणाला भेटत नाहीत. आणि तू काय बोलणार त्यांच्याशी?"

"जे आहे ते," वहिनी म्हणाल्या.

मी काही तिथे नव्हते. परत आल्यावर वहिनींनी टेलरदादांना जे सांगितले, तेच तुम्हाला सांगते. त्या मास्तरांना म्हणाल्या, "मास्तर, माझी शाळा चौथीत सुटली. अकरा वर्षं मी कोपऱ्यात बसून ऐकतेय. पहिल्यांदा कानावरून जातं, दुसऱ्यांदा वाटतं, काहीतरी आहे. तोवर तुम्ही सगळे पुढे गेलेले असता. ते एक पान तुम्ही चारदा वाचलंत, म्हणून मला ते कळलं. सांगू का काय कळलं?" आणि वहिनींनी ते आपल्या शब्दांत सांगितले; ते शब्द काही माझ्यापर्यंत पोहोचले नाहीत. मास्तरांनी पुस्तक हातात घेऊन ते पान काढले. मग म्हणाले, "हे मलाही सुचलं नव्हतं."

पुढच्या गुरुवारी ते आले. सिस्टर आणि ड्रायव्हरभाऊंना टेलरदादांनी जाऊन आणले होते. सगळे अवघडून बसले होते. मास्तर म्हणाले, "डॉक्टरांनी या आजाराचं नाव सांगितलंय. मी ते लिहून ठेवलंय, कारण माझ्या लक्षात राहत नाही." मग मास्तर स्वतःच हसले आणि ड्रायव्हरभाऊंना हसता हसता रडू कोसळले. सिस्टरांनी पदर त्यांच्यापुढे धरला.

"फक्त एक करा," मास्तर म्हणाले. "मी चुकलो तर लपवू नका. आणि चारचौघांत ओरडूनही सांगू नका. आपण कुठे आहोत, तेवढं दाखवा."

त्या दिवसापासून वहिनी स्टूल ओढून मास्तरांच्या शेजारी बसू लागल्या. सुईने टोचून खरखरीत झालेले बोट त्या ओळीवर ठेवत, आणि मास्तर तिथून वाचत.

पुढची दोन वर्षे मोठी गमतीची गेली. मास्तर विचारत, "याआधी मी काय म्हणालो होतो?" ड्रायव्हरभाऊ त्यांचे जुने म्हणणे जसेच्या तसे सांगत. ते ऐकून मास्तर मान हलवत, "छे, हा माणूस चुकतोय!" म्हणत आणि स्वतःचेच मुद्दे एकेक करून खोडून काढत. टेबल कोणी पाहत नसतानाही असते, हे त्यांनीच सिद्ध केले होते. आता त्यांनीच सिद्ध केले की तसे खात्रीने सांगता येत नाही! मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल, विचार करा. कोणत्या मास्तरांवर विश्वास ठेवायचा?

आता मास्तर फारसे बोलत नाहीत. वाचायचे काम वहिनी करतात, अडखळत, पण स्पष्ट. गेल्या गुरुवारी मास्तरांनी त्यांना विचारले, "आपण कोण?"

वहिनी क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "तुमच्याबरोबर वाचणारी."

"मग थांबलात का?" मास्तर म्हणाले. वहिनींनी पान उलटले.

मित्रांनो, मी आता म्हातारे झाले आहे. अंगावर कात्रीचे ओरखडे आहेत, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. एवढी वर्षे ऐकूनही मला त्या पुस्तकातले फार थोडे कळले, हे कबूल करते. तुमच्या घरी एखादे जुने टेबल असेल तर ते अडगळीत टाकू नका. त्याच्याभोवती बसा, वाचा, भांडा. न कळलेले न लाजता सांगा. आणि वाचता वाचता शेजारच्या कोणी विचारले, "आपण कुठे होतो?" तर हसू नका, सुस्कारा टाकू नका. जरा सरकून बसा आणि ओळीवर बोट ठेवा.